आधी पाय मोज

नागपुरात आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत झुरळ मारायचं असेल तर आधी पौनीकर सरांच्या खिडकीकडे बघावं लागतं. खिडकी उघडी असली की झुरळ वाचलं म्हणून समजा. चपलेचा पहिला आवाज झाला रे झाला की पलीकडून आरोळी येते, "थांब वं प्रतिभा! काहून मारून राहिली? आधी पाय मोज!"

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, शेजारचे आजोबा देवभोळे असतील, जीवहत्या नको म्हणत असतील. तसलं काही नाही. सर मटण मिटक्या मारत खातात आणि देवळाची पायरी चढत नाहीत. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि त्यातही जीव जडला तो संधिपाद मंडळींवर. म्हणजे अंगात हाड नाही, जे काय टणक ते सगळं बाहेरून, आणि पाय सांध्यासांध्यांचे. त्यांना मारायला सरांची हरकत नसते. नाव-गाव न विचारता मारणं मात्र त्यांना खपत नाही. "मारायचं तं मार. पण कोणाले मारलं ते तं सांगता आलं पाहिजे!"

म्हणून आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही पाठ आहे. सहा पाय आणि डोकं, छाती, पोट असे तीन भाग, तो कीटक. आठ पाय असले तर कोळी, विंचू नाहीतर गोचीड, सगळे एकाच घराण्यातले. दहा पायांचे खेकडे आणि झिंगे. त्याहून जास्त दिसले तर वाकून बघायचं. अंगाच्या प्रत्येक कड्याला पायांची एकच जोडी असेल तर गोम, दोन असतील तर पैसा, तोच तो हात लावला की वेटोळं करणारा. गोम चावते, त्यामुळे वाकून बघायचं काम मी सरांवरच सोडते.

माझ्या दिराच्या साखरपुड्याला झणझणीत सावजी झिंगे होते. व्याही कौतुकानं वाढत होते. सरांनी एक झिंगा उचलला, बोटांनी त्याचं कवच उलगडलं आणि शेजारच्या पाहुण्यांना समजावू लागले, "हा आन् झुरळ, चुलतभाऊच समजा. कवच तसंच, मिशा तशाच. फक्त हा पाण्यात राहिला." अर्धी पंगत वरण-भातावर उठली. ताटांत उरलेले झिंगे बघून सर खरोखर हळहळले. "टाकून काहून देता गा? नातं सांगितलं मी, चव थोडीच बदलली!"

या माणसाशी संसार केला सुमनकाकूंनी. मूलबाळ नाही, दोघंच दोघांना. काकू मुद्दाम सगळ्यांना किडा म्हणायच्या. न्हाणीत विंचू निघाला तरी, "अहो, तुमचा किडा आला पाहा." सर तळमळायचे, "कीटक नाही तो सुमन, आठ पाय हायत त्याले!" काकू शांतपणे भाकरी थापत म्हणायच्या, "असू द्या. मले काय त्याले चपला घ्यायच्या हायत?" मला वाटायचं, एवढ्या वर्षांत या बाईंनी सरांचं एक अक्षर कानात शिरू दिलेलं नाही.

सरांच्या अंगणात एक सिमेंटचं टाकं होतं. त्यात चतुराची पिल्लं वाढायची. हेलिकॉप्टरसारखा उडतो ना, तो चतुर. पिल्लं पाण्यात राहतात आणि डासांच्या अळ्या मटकावतात. गल्ली कुरकुरायची, "सर, टाकं बुजवा, मच्छर होतात." सर लगेच चहाची गाळणी घेऊन पाणी गाळून दाखवायचे. एकही अळी सापडायची नाही आणि तक्रार करणारा खाली मान घालून घरी जायचा.

यंदा पावसाळ्यात काकूंना ताप भरला. डेंग्यू निघाला. धंतोलीच्या दवाखान्यात ठेवलं, तर प्लेटलेट्स उतरतच चालल्या. काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तो सर एकटेच बादलीनं टाकं उपसत होते.

"सर, पिल्लं मरतील ना!"

"मरू दे."

"पण टाक्यात अळ्या नव्हत्याच. तुम्हीच तर दाखवायचे."

"एखादी सुटली असन," सर म्हणाले. "मी का चोवीस तास पाहत बसलो होतो?"

फरशीवर तडफडणाऱ्या पिल्लांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. काकूंचं काही खरं नाही अशी भीती मला तेव्हा पहिल्यांदा वाटली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सरांना स्कूटीवर मागे बसवून डबा घेऊन दवाखान्यात निघाले. चौकात ते म्हणाले, "महालाकडून घे."

"सर, तिकडे आज मारबत आहे. अडकून पडू."

"घे म्हणतो ना वं."

सगळी रोगराई, इडापिडा त्या मारबतीच्या, म्हणजे बाईच्या भल्यामोठ्या पुतळ्याच्या, माथी मारायची, तिला गावाबाहेर नेऊन जाळायची, ही आमच्या नागपूरची रीत. सरांना ती कधीच पटली नाही. दरवर्षी गल्लीतली पोरं 'घेऊन जाय गे मारबत' ओरडत निघाली की सर फाटकात त्यांची वाट अडवायचे. "मच्छर धाडता तं माद्याच धाडा! चावते ते मादी. नर बिचारा फुलांचा रस पिते, त्याले काहून हाकलता?"

महालाच्या जुन्या वस्तीत मुंगीला वाट नव्हती. ढोलताशांच्या गजरात घराएवढी मारबत डुलत डुलत आली. सर उतरले, डबा माझ्या हातात दिला, दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "मच्छर घेऊन जाय गे मारबत!"

खोकल्याची उबळ आली. ती ओसरायच्या आत पुन्हा, "नर बी ने, मादी बी ने! सगळ्यायले घेऊन जाय गे मारबत!"

आजूबाजूची पोरं खूश होऊन त्यांच्यामागे ओरडू लागली. त्यांना वाटलं, आजोबांना रंग चढला. सरांचे डोळे वाहत होते. मी त्यांचा दंड धरून उभी राहिले, मलाही रडू आवरेना.

दवाखान्याच्या जिन्यात सर म्हणाले, "सुमनले सांगू नको. हसन ते मले." मी मान हलवली. ते कठडा धरून दोन पायऱ्या चढले. मग म्हणाले, "नाही, सांग. हसू दे तिले."

मी काकूंच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. अगदी नर-मादीसकट. त्या हसल्या नाहीत. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, सरांना शोधलं आणि ओठ ओले करत म्हणाल्या, "नराले बी धाडलं? त्यानं काय केलं होतं हो? तो तं फुलांचा रस पिते ना."

"चुकलं माझं," सर म्हणाले, आणि सलाईनची सुई टोचलेला काकूंचा हात ओंजळीत घेऊन लहान पोरासारखे रडले.