धारोजी व कोंडाजी हरकारे यांच्या रक्तात उगवलेल्या शेंडेनक्षत्रांची हकीकत

श्री. जो डोळ्यांस दिसत नाही आणि ज्यावाचून डोळ्यांस काही दिसत नाही, त्यास आधी नमन. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी एका डोंगरी राज्यात जे अपूर्व वर्तमान जाहले, ते यथामति लिहितो.

त्या राज्यात घाटमाथ्यावरील गावांस औषधे पोहोचविण्याकरिता हरकारे ठेविले होते आणि त्यांत धारोजी व कोंडाजी ऐसे दोघे सख्खे भाऊ होते. थोरला धारोजी अबोल आणि धाकटा कोंडाजी बोलका. परंतु दोघांचा बाप पोटातील दुष्ट गाठीने झिजून वारला, त्याची धास्ती धारोजीच्या मनातून गेली नव्हती. त्या साली दरडी कोसळून घाट बंद पडला आणि हरकारे कैक महिने घरी बसून राहिले, मग मार्गशीर्षात वाट मोकळी होताच महाराजांनी आज्ञा केली की, सर्वांनी एका दमात माथा गाठावा, म्हणजे कोणात किती कस राहिला ते कळेल. तेव्हा राजवैद्य म्हाळसाबाई यांनी अर्ज केला की, उतरून येताच प्रत्येकाच्या रक्ताचा एक थेंब मजला मिळावा. या बाई मोठ्या विदुषी. त्यांचे सांगणे ऐसे की, देहाच्या कणाकणात एक अतिसूक्ष्म सूत्र आहे, देह कैसा घडावा आणि कैसा चालावा ते सर्व त्यात लिहिले आहे, आणि ते सूत्र रोज तुटते व रोज सांधले जाते. बाई ते कण काचेवर खळीसारख्या लेपात बसवीत आणि त्यांतून विजेचा प्रवाह सोडीत, मग सूत्र अखंड असेल तर सूक्ष्मदर्शकातून वाटोळा चंद्र दिसे, आणि तुटले असेल तर तुकडे एका अंगास वाहत जाऊन चंद्रास शेपूट फुटे, हुबेहूब आकाशातील शेंडेनक्षत्र, ज्यास धूमकेतू म्हणतात.

दोघे भाऊ माथा गाठून उतरले आणि थेंब दिले, तो दोघांच्याही रक्तात शेंडेनक्षत्रांची दाटी. मुख्य कारभारी विसोबापंत यांनी काचेत पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. ते बोलिले, "बाई, म्हणजे धावण्याने माणूस आतून फाटतो! आजच तालमी बंद करवितो." बाई बोलिल्या, "पंत, बसून राहिलेल्या देहाने एकदम माथा गाठला, म्हणून हे इतके दिसते. जखम पाहिलीत, आता ती भरते कैसी तेही पाहा. उद्या यावे." दुसरे दिवशी पाहतात तो कोंडाजीचे चंद्र पुन्हा वाटोळे जाहले होते आणि धारोजीची शेपटे बहुतेक तैसीच होती. धारोजीने विचारिले, "बाई, आमची आई एक, बाप एक. मग हे ऐसे का?" बाई बोलिल्या, "आईपाशी प्रत्येक गुणाच्या दोन प्रती, बापापाशी दोन. दोघांकडून एकेक लेकरास येते, कोणती येईल त्याचा नेम नाही. सांधण्याच्या कामाची चपळ प्रत तुमच्या भावास आली, संथ तुम्हांस आली. यात तुमचा काही गुन्हा नाही." मग धारोजी हळूच बोलिला, "आमच्या बाबांस नेले ते यानेच काय?" बाई बोलिल्या, "ठाऊक नाही. खोटा धीर देणार नाही आणि खोटे भयही घालणार नाही. सांधणे संथ म्हणजे गाठ होणारच, ऐसे मुळीच नाही."

परंतु विसोबापंतांस धीर धरवेना, आणि त्यांनी धारोजीच्याच हिताकरिता त्यास हरकाऱ्यांतून काढून कोठीवर बैठे काम दिले. धारोजी कोठीच्या पायरीवर बसून घाटाकडे पाहत राही. एके दिवशी कोंडाजी भेटीस आला तेव्हा धारोजी बोलिला, "कोंडू, धावलो तर आतले सूत्र तुटते, आणि बसलो तर जीव तुटतो." ते ऐकून कोंडाजी तडक बाईंकडे गेला आणि बोलिला, "दादास बसवाल तर मीही बसतो." बाई हसल्या आणि बोलिल्या, "बसू नका, त्यांस घेऊन निघा. पण बेताने." मग रोज सकाळी दोघे निघू लागले, आधी पहिल्या वळणापर्यंत, मग खिंडीपर्यंत, आणि धाकट्याने आपली चाल मुद्दाम आखडून थोरल्याच्या बरोबरीने टाकिली, आणि थोरल्यास दम लागला की धाकटाच म्हणे, "थांब दादा, मीच दमलो."

ऐसे करिता वैशाख आला आणि धारोजीने सर्वांदेखत पुन्हा माथा गाठिला. थेंब पाहिला तो शेपटे आखूड आणि विरळ, आणि दुसरे दिवशी पाहतात तो चंद्र वाटोळे, काठास पुसटशी झाक तेवढी राहिली. भावाइतका वेग नव्हता, परंतु देह सांधण्यास शिकला होता. धारोजी काचेवरून डोळा काढीना. शेवटी बोलिला, "हे माझ्या आत चालते, आणि मजला पत्ता नाही!" मग महाराज स्वतः पाहावयास बसले. नंतर बोलिले, "आकाशात एक शेंडेनक्षत्र दिसले तर राज्ये हादरतात. येथे माणसामाणसात रोज इतकी उगवतात आणि कोणी न सांगता मावळतात!" आणि त्यांनी आपले बोट पुढे केले.

बाईंनी थेंब घेऊन काच सिद्ध केली. महाराजांनी पाहिले, तो शेपटेच शेपटे. महाराज दचकून बोलिले, "आम्ही तर कोठेच धावलो नाही!" बाई बोलिल्या, "तेच तर, महाराज. बसणे आणि हुक्का." विसोबापंतांस ठसका लागला. महाराज मात्र रागावले नाहीत. त्यांनी लोड सारिला, उठून पायऱ्या उतरले आणि धारोजीस जवळ बोलाविले, "आजपासून तुमची जागा तुम्हांस परत. आता सांगा, आम्हांस कोठवर चालता येईल?" धारोजी बोलिला, "आज त्या चाफ्यापर्यंत, महाराज. दम लागला की थांबू." आणि महाराज चालू लागले.

तात्पर्य, तुटणे कोणास चुकले नाही, सांधण्याचा वेग ज्याचा त्यास जन्मासवे मिळाला, आणि बेताने चालणाऱ्याचा तो वाढला. हुक्का सुटावयास महाराजांस आणखी दोन पावसाळे लागले. प्रस्तुत लिहिणाराने तो वाटोळा चंद्र स्वतःच्या रक्तात पाहिला आहे. त्याहून मोठे काही लिहावे, ऐसे आता उरले नाही.