मस्केमामांची टॉफी

आमच्या गोरेगावात मस्केमामांसमोर लेकराला ‘चॉकलेट घे’ म्हणायची सोय नाही. मामा माझ्या किराणा दुकानाच्या पायरीवरून ओरडतात, "चॉकलेट न्हाई ते! दाताला चिकटतंय ना? मंग टॉफी म्हणा. शब्द सोलून खावा!"

मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. शेजारीच घर, त्यामुळं माझं शटर वर जायच्या आत पायरीवर हजर. गिऱ्हाईक साखर मागतं, मामा त्याला ‘साखर’ हा शब्द कुठून आला ते सांगतात. तोवर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलेलं असतं.

टॉफीनं तर मला रडवलं. आधी मामा म्हणाले, "इंग्रजीत टफ म्हणजे चिवट. टफची झाली टॉफी." मी सुटलो म्हटलं. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर कुठंसं वाचून आले. "चुकलोच की, बाळू! दूर देशात उसाची एक दारू असती, ताफिया. तिच्यावरून टॉफी."

नेमकी तेव्हाच एक बाई लेकरू घेऊन आली होती. "दारू?" म्हणत तिनं लेकराच्या तोंडात बोट घालून टॉफी बाहेर काढली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, बाळू दारूची चॉकलेटं विकून राहिला!

माझं डोकं फिरलं. आज मामांना सोडायचंच नाही, म्हणून तडक त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. मामी कॉटवर पडलेल्या. लकवा मारल्यापासून त्यांची वाचा गेली होती. मामा उशाशी बसून तीच ताफिया त्यांना समजावून सांगत होते.

मला बघून ओशाळले. "डॉक्टर म्हणले, हिच्यासंगं बोलत राहा. पण मी जनमभर गाडीवर. घरी आलो की जेवायचं अन् झोपायचं. हिच्यासंगं काय बोलावं, मला येतंच न्हाई रे. म्हणून रोज एक शब्द घेऊन येतो."

भांडायला आलेला मी दारातच उभा राहिलो. मामा पुन्हा मामींकडं वळले. "तर टॉफी कुठून आली, कुणालाच बराबर माहीत न्हाई. माझं टफच खरं."

मामींचे वाकडे ओठ हलले. "खो... टं."

मामांनी माझा दंड घट्ट धरला. "ऐकलंस? मला खोटं म्हणली!" मग डोळे पुसून मामींच्या तोंडाजवळ कान नेला. "काहून खोटं? सांग बरं."

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, समोरचा बोलेपर्यंत मामा गप्प बसून राहिले.