सोवळ्यातली वीज

वीज ही मुळात अशुद्ध असते. हे शाळेत शिकवत नाहीत, त्यामुळे बहुसंख्य कुटुंबं जन्मभर तसलीच वीज वापरतात आणि वर सुखातही असतात. झाशीत खंडेराव गेटपाशी राहणारे आमचे शेजारी, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले बापूराव, हे या अज्ञानातून बाहेर पडलेले पहिले गृहस्थ. मला त्यांचा अभिमान आहे.

त्यांच्या पत्नी जानकीकाकू यांच्याकडे वडिलांच्या कीर्तनाची एकुलती एक कॅसेट आहे. डॉक्टरांनी काकूंना सांगितलं, उजवा कान गेलाच, डावा फार तर दोन वर्षं साथ देईल. बापूरावांनी त्याच आठवड्यात डेक, ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आणले. कॅसेट लावली. वडिलांचा आवाज आला, त्यामागे बारीक घूं-घूंही आली. काकू डोळे पुसत होत्या. दुसऱ्याच मिनिटाला बापूरावांनी बटण बंद केलं. (असल्या विजेवर सासऱ्यांना वाजवणं त्यांना अपमानाचं वाटलं.) शिवाय आमच्याकडे व्होल्टेज सकाळी एकशेसत्तर तर दुपारी दोनशेसत्तर. एक झटका बसला की डेक कॅसेटसकट जायचा. सबब, स्वस्त आणि खात्रीचं संरक्षण शोधायचं ठरलं.

दतिया गेटच्या दुकानदाराने साडेसातशेची स्पाइक गार्डची पट्टी पुढे केली, अर्थिंग नीट करून घ्या म्हणाला आणि विषय संपवला. इतक्या लवकर संपणाऱ्या विषयावर सिग्नल खात्यातला माणूस विश्वास ठेवत नाही. त्या खात्यात शंका आली की लाल, आणि शंका नसली तर ती का नाही याची चौकशी होईपर्यंत लाल. बापूरावांनी स्टॅबिलायझर, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वगैरेंची चौकशी सुरू केली तेव्हा दुकानदाराने विचारलं, "काए दद्दा, गानो सुनने है कै बिजली?"

बापूरावांनी या प्रश्नाची नोंद घेतली. मग पुढचं दुकान गाठलं.

मीटरपासून वेगळी तार ओढून सोवळ्याचा एक प्लग तयार झाला. फ्रिज, मिक्सर आणि पाण्याची मोटर ओवळ्यात गेली. अंगणात मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा झाला. त्याला रोज, तुळशीनंतर, काकूंनी तांब्याभर पाणी घालायचं. सून रेवती हिने एकदा सोवळ्याच्या प्लगला मोबाइल लावला. बापूराव रागावले नाहीत, त्यांनी फक्त प्लग चार दिवस बाजूला बसवला.

दोन वर्षांचा गोषवारा पुढीलप्रमाणे. पाहिलेल्या वस्तू एकेचाळीस, नापसंत चाळीस. वाचलेले अभिप्राय सहाशे बारा (पैकी गाणं ऐकणाऱ्यांचे नऊ). कॅसेट लावली, शून्य वेळा. काकू आधी दर आठवड्याला विचारायच्या, आज लावायची का? मग दर महिन्याला. मग विचारेनाशा झाल्या. घरातली कुरबूर थांबली, हे बापूरावांनी यंत्रणेचं पहिलं यश मानलं.

एकेचाळिसावी वस्तू म्हणजे दतिया गेटची तीच पट्टी. आता ती पन्नास रुपयांनी महागली होती.

गेल्या रविवारी हिरवा दिवा मिळाला. मला मुद्दाम बोलावलं होतं. कॅसेट लागली आणि खरं सांगतो, घूं-घूंचा मागमूस नव्हता. अभंगाआधी काकूंच्या वडिलांनी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. बापूरावांनी मोठ्या आशेने काकूंकडे पाहिलं. काकू उठल्या, स्पीकरच्या जाळीवर तळवा ठेवून उभ्या राहिल्या. मग कान गेलेली माणसं बोलतात तशा जरा मोठ्याने म्हणाल्या, "घूं-घूं होती ना, तेव्हा बाबाही होते."

बापूराव प्लगकडे बघत राहिले. तपासण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

तरी निघताना मी पट्टीचं नाव तेवढं लिहून घेतलं. तुमच्याही मनात आत्ता तेच आहे, मला ठाऊक आहे. दतिया गेट, डाव्या हाताचं तिसरं दुकान. पण लगेच घेऊ नका, आधी आणखी चाळीस बघा. तुमच्या घरी कुणाला कसली घाई आहे?