सुभेदारांचं घडीचं यंत्र

"आता रस्त्यानं पळायचं न्हाई म्हंजे न्हाई!" शालूबाईंनी चुलीपुढूनच हुकूम सोडला, आणि पलटणीत भल्याभल्यांना पळवलेले सुभेदार लालासाहेब बायकोपुढं गुमान चहा फुंकू लागले.

तसा त्यांचा अपराध काही नव्हता. पण फलटणजवळच्या त्या गावात धडधाकट माणूस पळत सुटला की त्याचा अर्थ एकच, कुणाचा तरी ऊस पेटला. तिथं कुणी विचारत बसत नाही. हातातलं काम टाकायचं, कोयता उचलायचा आणि पळणाऱ्याच्या मागं सुटायचं. निवृत्त होऊन आलेले सुभेदार पहिल्यांदा सकाळी पळायला निघाले, तेव्हा ओढ्यापर्यंत पोचेतो निम्मं गाव मागं लागलं होतं. शेजारचा कृष्णात तर दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून आला होता.

"कुनाचा पेटला?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"कुनाचा न्हाई. तब्येतीसाठी पळतोय."

"काय झालं तब्येतीला?"

"काय न्हाई. हू नये म्हनून!"

गाव शिव्या घालत माघारी फिरलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हा माणूस उगाच पळतोय हे कळत होतं, पण खरंच पेटला असला तर? राहवत नव्हतं. शेवटी बायकांनी शालूबाईंकडे गाऱ्हाणं नेलं, आणि चुलीपुढचा तो हुकूम सुटला.

सुभेदारांना फार लागलं. पलटण सुटली, गणवेश सुटला, सलाम सुटला. पळणं तेवढं उरलं होतं. मग कुणीतरी सांगितलं, घरात जागच्या जागी पळायचं यंत्र मिळतं. सुभेदारांनी साताऱ्याची एस.टी. धरली. जुन्या सामानाच्या दुकानात अनंतशेटनी दोन यंत्रं पुढं केली.

"हे लोखंडी बघा. चालतं ते कळतसुद्धा नाही. पण एकदा ठेवलं की घर हलेल, हे हलायचं नाही. आणि हे घडीचं. पळून झालं की दुमडायचं, दारामागं उभं करायचं. फक्त जरा बोलतं."

"किती बोलतं?"

"पिठाच्या गिरणीएवढं."

सुभेदारांचं मन लोखंडी यंत्रावर बसलं होतं. पण शालूबाईंनी निघतानाच बजावलं होतं, पाव्हणं आलं तर ते सोंग नजरंला पडता कामा नये. जन्मभर वरचा हुकूम पाळलेल्या माणसानं घडीचं उचललं. पुढं या निवडीचा त्यांनी इतका पस्तावा केला, की साताऱ्याचं नाव निघालं तरी ते विषय बदलायचे.

यंत्र आलं. लाकडी रुळांवर कॅनव्हासचा पट्टा. पाय हाणले की तो मागं पळायचा आणि वरची कौलं थरथरायची. सारं गाव बघून गेलं.

"पळतंय झ्याक," कृष्णात म्हणाला, "पन पोचतंय कुटं?"

त्या दिवसापासून थट्टेला ऊत आला. येणारा-जाणारा दारापुढं पाय आपटायचा आणि "सुभेदार, चला!" असं ओरडून पुढं जायचा. सुभेदार मनातल्या मनात धुमसायचे आणि आणखी जोरात पळायचे.

एका सकाळी शालूबाई वैरणीला रानात गेल्या होत्या. सुभेदारांनी यंत्र उघडलं. पट्ट्यानं चांगला जोर धरला होता, एवढ्यात खिडकीतून कृष्णात पळताना दिसला. त्याच्यामागं चौघं, मग दहा, मग सगळी आळीच. यंत्राच्या खडखडाटात काही धड ऐकू येईना. "सुभेदार, चला!" तेवढं कानावर पडलं.

आज सगळ्यांनी मिळून खोड काढलीय तर! सुभेदार खिडकीतून गरजले, "पळा, पळा! तुमचीच तब्येत सुधारंल!"

आणि विजयी वीरासारखे ते पळतच राहिले. असं पळणं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. दमून पाणी प्यायला अंगणात आले, तेव्हा ओढ्यापलीकडं धूर दिसला. तिथं त्यांचाच ऊस होता. पलटणीतून आल्यावर स्वतःच्या हातानं लावलेला पहिला ऊस.

ते पोचले तोवर आग विझली होती. विजेच्या तारा घासून ठिणगी पडली होती. गावानं मधल्या सऱ्या तोडून पेट अडवला होता. बांधाकडचा ऊस गेला, बाकीचा वाचला. माणसं धुरानं काळीठिक्कर होऊन बांधावर टेकली होती. शालूबाईंच्या पदराला भोक पडलं होतं. कृष्णातची एक भुवई जळाली होती.

"मला हाक तरी मारायची," सुभेदार कसंबसं म्हणाले.

"मारली की," कृष्णात शांतपणे म्हणाला. "तुमी म्हनला, तब्येत सुधारंल." मग जळक्या भुवईवरून बोट फिरवत म्हणाला, "तुमी उगाच पळत व्हता, तवाबी आमी येत व्हतो, सुभेदार."

सुभेदारांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उन्हातान्हात मरमर पळालेल्या त्या माणसांपुढं मान वर होईना.

तेवढ्यात म्हाताऱ्या राहीबाई पाण्याची घागर घेऊन आल्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि घामानं निथळणाऱ्या लालासाहेबांपाशी येऊन थांबल्या.

"आदी सुभेदारास्नी पानी द्या गं," त्या कळवळून म्हणाल्या. "समद्यांत जास्ती ह्योच राबलाय बगा. लय दमलाय बिचारा."

तांब्या सुभेदारांच्या हातात आला. कृष्णात बघत होता.