रतनमावशीचं मस्ट बी

सकाळी सव्वासातला आमच्या घरातला इंटरकॉम वाजतो. उचलला की हॅलो नाही, कोण बोलतंय नाही, थेट सवाल येतो, "यू मस्ट बी स्टिल स्लीपिंग?"

"मावशी, झोपलेलो असतो तर फोन कुणी उचलला असता?"

पलीकडून मग पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज. "मग मस्ट चुकला. मे घालून बघते. यू मे बी स्टिल स्लीपिंग."

"अगं, जागा आहे मी!"

"आता आहेस. मी विचारलं तेव्हाचं सांग."

फोन बंद. मी रिसीव्हर हातात घेऊन उभा, आणि आपण नक्की जागे आहोत ना, या विचाराने हैराण.

ही रतनमावशी. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने पापडासारखी, आवाज मात्र भोंग्याचा. ती काही माझी सख्खी मावशी नाही. लालबागच्या जुन्या चाळीत आमच्या खोल्या समोरासमोर होत्या, तेवढ्या पुण्याईवर ती माझी मावशी आणि मी तिचा बाळ्या. मी बेचाळीस वर्षांचा आहे, विम्याच्या ऑफिसात चार माणसं मला साहेब म्हणतात, पण हे तिला सांगून उपयोग नाही. चाळ पाडली, तिथेच टॉवर उभा राहिला आणि आमची अकरा घरं अकरा मजल्यांवर गेली. मी नवव्यावर, मावशी चौदाव्यावर. काका चाळीत असतानाच गेले. मुलगी बडोद्याला सासरी.

इंग्रजीचं खूळ तिच्या डोक्यात लिफ्टने घातलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळे मेसेज इंग्रजीत येतात. एकदा आला, दुपारी दोन ते चार लिफ्ट 'मे नॉट बी वर्किंग'. मावशी नेमकी तेव्हा डंकावरून पाच किलो मसाला कुटून आणत होती. तिने 'नॉट' तेवढं वाचलं, पदर खोचला आणि चौदा मजले चढली. वर पोचते तर टिंग करून लिफ्ट उघडली आणि समोरच्या फ्लॅटमधला कुत्रा फिरून आल्यासारखा ऐटीत बाहेर पडला.

तिने धापा टाकत मला फोन केला. "बंद लिहिलं होतं ना रे?"

"बंद नाही गं. कदाचित बंद असेल, असं."

"मेल्या, कदाचितवर मी चौदा मजले चढले? काय ता एक लिवा की!"

दुसऱ्या दिवशी दादरच्या फुटपाथवरून तिने व्याकरणाचं पुस्तक आणलं आणि एकच धडा धरून बसली. मस्ट बी, मे बी, माइट बी, कान्ट बी. पुढे कोण काय करत असेल ते. अडलं की गुरू मी, कारण मी ऑफिसात इंग्रजी बोलतो असा तिचा समज. खरं सांगायचं तर माझं इंग्रजी 'प्लीज फाइंड अटॅच्ड'च्या पुढे गेलेलं नाही. पण अब्रूचा प्रश्न होता.

"बाळ्या, प्रॉबेबली कुठे बसतो?"

"मस्टच्या आधी."

"पुस्तकात नंतर बसलाय."

"मग नंतर. नंतरही बसतो तो."

"आणि स्टिल?"

"तो 'बी'च्या मागे."

"आणि दोघं एकदम आले तर?"

"एकदम नाही येत गं ते सहसा," मी ठोकून दिलं. त्याच दुपारी मी क्लेमच्या एका पत्रात 'पार्टी मे प्रॉबेबली बी स्टिल अलाइव्ह' असं लिहून मोकळा झालो. मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, माणूस आहे की गेला? मी म्हटलं, सर, वाक्य बरोबर आहे का तेवढं सांगा.

मावशीचा सराव मात्र जोरात. अकरा घरांचे नंबर तिला पाठ. ती मनाशी वाक्य करायची आणि खरंखोटं करायला लगेच फोन लावायची. "परब, यू मस्ट बी शेव्हिंग!" परब खरंच दाढी करत होते. फोन घ्यायला धावताना गाल कापला. ते ओरडले तर ही खूश, "बरोबर आलं!" कदमांच्या सुनेला भर स्वयंपाकात, "यू माइट बी फ्राइंग बोंबील." ती म्हणाली, मावशी, आज गुरुवार. तर मावशी, "मग कान्ट बी. लिहून ठेवते."

इथवर सगळं घरचं कार्य होतं. मग एके सकाळी लिफ्टमध्ये तिला सेक्रेटरीसाहेब भेटले. गृहस्थ चाळीतले नव्हेत, बाजारभावाने फ्लॅट घेऊन आलेले, कडक इस्त्रीचे. रोज आठला त्यांचा गीझर चालू होतो, हे मावशीला त्यांच्या मोलकरणीकडून ठाऊक. घड्याळात आठ वाजलेले. मावशी कौतुकाने म्हणाली, "यू मस्ट बी बाथिंग नाऊ!" साहेबांनी आधी स्वतःच्या कॉलरचा वास घेतला, मग मावशीकडे बघितलं, आणि संध्याकाळपर्यंत नोटीस निघाली. चौदाव्या मजल्यावरून विनाकारण इंटरकॉम केले जातात, आणखी एक तक्रार आल्यास तो काढून नेण्यात येईल. समजावायचं काम कमिटीने माझ्या गळ्यात घातलं. तुमच्याच मावशी ना त्या?

मी वर गेलो. टॉवरमध्ये येऊन दोन वर्षं झाली, मधे फक्त पाच मजले, तरी तिच्या घरात नीट टेकायची ही माझी पहिलीच वेळ. लाज वाटली. चहा आला, बशीत खाजं आलं. टेबलावर वही उघडी होती. एकेका घराला एकेक पान. वेळ, वाक्य आणि पुढे बरोबर किंवा चूक. माझ्या पानावर चुकाच चुका. मी हसलो.

"हसतोस काय? चाळीत हे मस्टबिस्ट लागायचंच नाही," ती म्हणाली. "दारं उघडी. परब दाढी करतोय म्हणजे करतोय, डोळ्यांसमोर. तुझी आय बोंबील तळायची तो वास माझ्या उशीपर्यंत यायचा. इथे दार लावलं की माणूस आहे की गेला, पत्ता नाही. इंग्रजीवाले हुशार हो. न दिसणाऱ्या माणसासाठी त्यांनी वेगळं वाक्य केलंय."

"अगं मावशी, ते आपल्यातही आहे. 'करत असेल' म्हणतो की आपण."

ती बशी पुसता पुसता थांबली.

"म्हणतो? कोण म्हणतो रे?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आता रतन काय करत असेल, असं माझ्याबद्दल कोण म्हणतं?"

मी उगाच वहीची पानं चाळत बसलो. शेवटच्या पानावर 'रतन' असं नाव होतं आणि खाली पान कोरं. इतके दिवस मी या बाईवर नुसता वैतागत होतो आणि ती बिचारी सगळ्यांची वाट बघत होती.

"फोन करू नको म्हणून सांगायला आलास ना?" तिनेच विचारलं.

"हो."

"बरं. नाही करत. खाजं घे आणखी."

दुसऱ्या दिवशी मी पावणेसातलाच उठून बसलो, का ते माहीत नाही. सव्वासात वाजले, इंटरकॉम गप्प. सात वीस झाले. बायको म्हणाली, आज शांतता आहे बाई. मला ती शांतता सोसवेना. मी उठलो आणि चौदाव्या मजल्याचा नंबर फिरवला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिने उचलला.

"मावशी," मी म्हटलं. प्रॉबेबली कुठे, स्टिल कुठे, काही आठवेना. जमेल तसं बोललो, "यू मस्ट बी सिटिंग... स्टिल सिटिंग... फोनच्या बाजूला."

मला वाटलं, वाक्य चुकलं.

मग पलीकडून पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

"बाळ्या," ती म्हणाली, "हळू सांग रे. लिहून घेते."