आबांना गप्प पळवण्याची मोहीम

आमच्या गावचे बबनआबा शर्यतीत कुणाला मागे टाकत नाहीत. माणसाला मुकाट्याने ओलांडून जाणं त्यांना असभ्यपणाचं वाटतं. पुढचा धावपटू हाताशी आला की ते वेग कमी करतात, त्याच्या बरोबरीने पळू लागतात आणि आपुलकीने विचारतात, "कुटं निघालात?"

आता एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत, छातीवर नंबर लावलेला माणूस कुठे निघालेला असणार?

पण आबांना दोष देण्यात अर्थ नाही. आमच्या आंदर मावळात एसटी आहे ती बहुतेक कागदावर. रस्त्यावर माणसंच चालतात, आणि चालणाऱ्याशी न बोलता पुढे निघून जाणं म्हणजे भांडण जाहीर करणं. आबांनी सारी उमर दुधाच्या किटल्या घेऊन कान्ह्याच्या स्टेशनापर्यंत पायपीट केली, ती अशी सगळ्यांशी बोलतच. पुढे म्हशी विकल्या. पाय तेवढे शिल्लक राहिले. मग एकदा गावातल्या कुणाचा तरी घोटा मुरगळला आणि भरलेली फी वाया जाऊ नये म्हणून त्याच्या जागी आबा पळाले. तेव्हापासून लोणावळा असो की पवना धरण, जिथे शर्यत तिथे आबा. डोक्यावर पांढरी टोपी, पायात मुलाने टाकून दिलेले बूट, आणि तोंडाची टकळी चालू.

लोणावळ्याच्या एका शर्यतीत कानात इअरफोन घातलेल्या तरुणाला त्यांनी अख्खा चढभर विचारलं, "पाव्हणं, कुण्या गावचं?" तो बघेचना. तेव्हा आबांनी मागून येणाऱ्यांना बजावलं, "बिचारा बहिरा हाय. सांभाळून घ्या त्याला." दुसऱ्या एका बाईंनी धापा टाकत 'कोथरूड' एवढंच म्हटलं. आबा खूश. "कोथरूडला आमचा साडू ऱ्हातो, तुमी वळकत असाल!" पुढे साडूचा सगळा वंश. बाई शेवटी ॲम्ब्युलन्समध्ये जाऊन बसल्या. आबा म्हणतात, त्यांचा पाय दुखत होता. मला शंका आहे.

मी संध्याकाळच्या एसटीसाठी चळवळ करते. निवेदनं दिली, पत्रकं वाटली, डेपोच्या दारात बसले. साहेबांनी आत बोलावून चहा पाजला. माणूस गप्प करण्याचं सर्वांत स्वस्त हत्यार चहा आहे, हे मी तिथे शिकले. तेवढ्यात तिकोणा पेठेतल्या शर्यतीची बातमी आली. बक्षीस द्यायला असे पाहुणे येणार होते की त्यांनी नुसता फोन केला तरी डेपोतली गाडी हलते. साठीच्या पुढच्या गटात पहिला येईल त्याला माईकवर दोन शब्द बोलायला मिळणार होते. त्या गटात आबांच्या पायांना तोड नव्हती. अडचण होती ती तोंडाची.

"आबा, पहिलं यायचं. माईकवर एकच वाक्य बोलायचं, आंदर मावळाला संध्याकाळची एसटी द्या. तोवर गप्प."

"आन वाटंत कुनी गावलं तर?"

"गावू दे."

"नुसतंच पुडं जायचं? गुरावानी?"

शेवटी मी त्यांच्या गालात सुपारीचं खांड ठेवलं. विचारायची उबळ आली की ते चघळायचं, असं ठरलं.

मी आयोजकांच्या पाण्याच्या टेम्पोत बसून मागोमाग होते. आबा सुटले ते सुटलेच. ओलांडलेल्या प्रत्येकाला हात जोडून, मान खाली घालून माफी मागत होते, पण ओलांडत होते. शेवटच्या वळणाआधी त्यांच्या गटातला एकच माणूस पुढे उरला. पुण्याचे कुणी निवृत्त गृहस्थ. पोटरीत गोळा आल्यामुळे ते लंगडत चालले होते. आबांनी हात जोडले आणि पुढे गेले. मी टेम्पोतून ओरडले, "शाब्बास, आबा!"

तेवढ्यात मागून ते गृहस्थ म्हणाले, "आबा, कुठून आलात हो? घरी कोण कोण असतं?"

आबा थांबले. सुपारी तळहातावर काढली.

"आबा, एसटी!" मी टेम्पोची फळी बडवली.

"व्हय व्हय, आलोच," म्हणाले आणि गृहस्थांच्या काखेत हात घालून चालू लागले. दोघे बोलत बोलत येत असताना एक तिसरं पांढरं डोकं त्यांच्याकडे न बघता पुढे निघून गेलं. माईक त्याला मिळाला. त्याने आपल्या गुडघ्याच्या डॉक्टरांचे आभार मानले.

पाहुणे उशिरा आले, म्हणून कार्यक्रम लांबला. कान्हे फाट्यापर्यंत टेम्पोने सोडलं. तिथून गावाकडे जाणारी शेवटची एसटी दुपारीच गेलेली. म्हणजे चाला.

मी वाटेत तोंड सोडलं. "साऱ्या खोऱ्याची एसटी घालवलीत, आबा! कॉलेजच्या पोरी अंधारात चालतात. त्यांना काय सांगू? आबांना गप्पा मारायच्या होत्या?"

"चुकलंच माजं, पोरी."

"मग थांबलात कशाला?"

आबांनी खिशातून सुपारीचं खांड काढलं आणि वाटेच्या कडेला टाकून दिलं.

"तुजी आजी गेल्यापासनं घरातनं निगतो, तर कुटं म्हनून कोन इचारत न्हाई. म्हनून जातो तिकडं पळाया. लय मानसं असत्यात. मी इचारतो. मला वाटतं, एखादा तरी उलटून इचारंल." त्यांनी टोपी सारखी केली. "आज इचारलं."

पत्रकात असलं काही छापत नाहीत.

मग त्या गृहस्थांना काय काय सांगितलं, ते आबा सांगू लागले. माझ्या घराकडची पायवाट आली तेव्हा त्यांची गोष्ट जेमतेम स्वतःच्या लग्नापर्यंत पोचली होती. पावसात वरात अडकली होती आणि आजी बैलगाडीखाली बसून रुसली होती.

मी न वळता सरळ चालत राहिले.

"मग आजी काय म्हणाली?" मी विचारलं.