बिल्ला नंबर ३१७

रेइनो लाहतीने पितळी बिल्ला अंगणाच्या दाराशेजारच्या खिळ्यावर अडकवला आणि तो तळघरात उतरला. कॅनडातल्या सडबरीच्या निकेल खाणीत एकतीस वर्षं हाच रिवाज होता: बिल्ला खिळ्यावर म्हणजे माणूस खाली. आता खाली फक्त संगणक होता आणि त्यावरच्या खेळात, राक्षसांच्या राज्यात, एक खाण.

आज चार वाजेपर्यंत चंद्रलोहाचे बारा खडे दिले नाहीत, तर खेळातलं त्याचं पथक त्याला काढून टाकणार होतं. निवृत्तीनंतर बायको सोडली तर रोज त्याच्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

दोन दिवस तेच झालं होतं. खडे जमत आले की कानावर नऊ ठोके पडत. खाणीत नऊ ठोके म्हणजे धोका. रेइनो संगणक बंद करून अंगणात पळे आणि खेळातली पिशवी रिकामी होई.

"आजोबा, खेळात दरड कोसळत नाही," पथकाची प्रमुख कॅसिडी म्हणाली होती.

"आम्हालाही असंच सांगायचे, पोरी."

आज अकरा खडे झाले आणि ठोके पडले. रेइनोने कानावरचे हेडफोन काढले. ठोके चालूच होते, हीटरच्या पाइपमधून. संगणक तसाच सोडून तो वर गेला. जाताना हात सवयीने खिळ्याकडे गेला, बिल्ला मुठीत आला.

"इर्मा, तूच ना ती?"

"सोमवारी, मंगळवारी मीच. हाका मारून घसा बसला माझा. लाटण्याने नऊदा पाइप ठोकला की कसा सुटतोस." कोपरापर्यंत कणकेत बुडालेले हात बायकोने वर केले. "पण आज कधी ठोकणार?"

पाइपमधून पुन्हा ठोके आले. दोघांनी मोजले. नऊ.

दोघं मोज्यांवरच बाहेर पळाली आणि अंगणातल्या बर्फात उभी राहिली. रेइनोच्या खिशातला फोन वाजला.

"आजोबा, आत्ताच बारावा खडा निघाला तुमचा," कॅसिडी म्हणाली. "तुमची जागा पक्की. आणि काय भराभर खणताय आज. थांबू नका."

"सांग तिला, तू इथे आहेस म्हणून," इर्मा कुजबुजली.

रेइनोने मुठीतला बिल्ला पाहिला. मग पाय उंबऱ्याबाहेरच ठेवून त्याने हात आत लांबवला आणि बिल्ला पुन्हा खिळ्यावर अडकवला.

"नाही थांबत," तो फोनवर म्हणाला.